खबरदारी म्हणून

गावाबाहेरच्या माळावर संध्याकाळी चार पालं पडली, की सकाळी चहाच्या वेळेपर्यंत ती बातमी पोलीस पाटलाकडे पोचलेली असते. चहाडी करावी म्हणून कुणी गेलेलं नसतं. 'कोण आहेत, कुठले आहेत, जरा बघून घ्या,' एवढंच कुणीतरी जाता जाता बोललेलं असतं. त्या रात्री कोंबड्या लवकर डालल्या जातात, ओसरीवरची घागर आत येते, विहिरीवरच्या मोटारीपाशी कुणीतरी झोपायला जातं. यांतल्या कुणालाही विचारावं, तुमचा या लोकांवर राग आहे का? 'छे हो, राग कशाला! पण आपली खबरदारी घेतलेली बरी.' हे उत्तर अगदी प्रामाणिक असतं. या संग्रहातल्या लेखांचा खरा विषय हे प्रामाणिक उत्तर आहे.

वंशवाद म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतले गोऱ्या-काळ्यांचे वेगळे नळ येतात, दक्षिण आफ्रिकेतले पास येतात, हिटलरच्या छळछावण्या येतात. सगळं लांबचं आणि सगळं उघड; कुणीतरी दात-ओठ खाऊन दुसऱ्याला हीन म्हणतंय, असं. हे चित्र मोठं सोयीचं आहे. आपण काही दात-ओठ खात नसतो, तेव्हा आपला त्याच्याशी संबंध नाही. पण माणसांच्या एखाद्या समूहाला बाहेर ठेवायची रीत जुनी झाली, रुळली, की तिला रागाची गरज उरत नाही. ती कारकुनाच्या सवयीत, अर्जातल्या रकान्यात, बातमीच्या मथळ्यात जाऊन बसते आणि तिथून शहाणपणासारखी दिसायला लागते. मग नॉर्मल माणूस कसा असतो हे तीच ठरवते. ज्याला कुणी 'कुठले तुम्ही?' असं विचारत नाही तो नॉर्मल, आणि ज्याला ते विचारलं जातं तो, त्यानं काहीही केलेलं नसलं तरी, खुलासा देणं लागतो.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर याचं सगळ्यांत लख्ख उदाहरण पूर्वी ज्यांना 'गुन्हेगार जमाती' म्हणत आणि आता विमुक्त म्हणतात त्या समाजांचं आहे. जातिभेदावर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं. ही गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. इथे जात आणि वंश या दोन कल्पनांची गाठ एका कायद्यानं मारली. तो कधी झाला ते सांगता येतं, कधी गेला तेही सांगता येतं. म्हणजे कायद्याच्या आधी काय होतं, असताना काय झालं आणि गेल्यावर काय उरलं, हे वेगवेगळं करून बघायची सोय आहे. इतिहासात अशी सोय फार क्वचित मिळते.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी ब्रिटिश हिंदुस्थानात 'क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट' संमत झाला. त्याआधी दोनच वर्षं, १८६९ साली, इंग्लंडमध्ये सराईत गुन्हेगारांसाठी कायदा झाला होता. तिथे सराईत कोण, तर ज्याला कोर्टात शिक्षा झालेली आहे असा माणूस. इथे तो निकष माणसावरून उचलून जमातीवर ठेवला गेला. कायद्याच्या बाजूनं मांडला गेलेला युक्तिवाद असा होता : या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तेव्हा पिढीजात गुन्हेगारही असणारच, गुन्हा हा त्याचा धंदा, त्याची जात आणि जवळजवळ त्याचा धर्म, त्यामुळे तो सुधारणं शक्य नाही. जन्मावरून धंदा ठरतो ही आपलीच शिकवण साहेबानं नीट ऐकून घेतली आणि तिला 'रक्तातच असतं' या त्या काळच्या युरोपीय शास्त्राचा मुलामा दिला. पुढे १८७६ साली इटलीत लोम्ब्रोसोनं जन्मजात गुन्हेगार शरीरावरून कसा ओळखावा यावर पुस्तक लिहिलं. आपल्याकडे कवटी मोजायची तसदी घ्यावी लागली नाही. जात विचारली की भागत होतं.

सरकारनं अधिसूचना काढली की जमात गुन्हेगार. ती अधिसूचना बरोबर की चूक, हे विचारायला कोर्टात जायची वाट कायद्यानंच बंद केली होती. नोंदवहीत नाव, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायचं तर परवाना. आधी वायव्य प्रांत, अयोध्या आणि पंजाब, १८७६ साली बंगाल, आणि १९११ च्या नव्या कायद्यानं मुंबई-मद्राससह सगळा मुलूख. १८९७ च्या दुरुस्तीनं चार वर्षांवरच्या मुलांना आईबापांपासून काढून सुधारगृहात ठेवायची मुभा दिली. १९११ पासून बोटांचे ठसे आले. परिशिष्टात दिलेल्या गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा काळं पाणी.

आता आज महाराष्ट्राच्या यादीत असलेल्या चौदा विमुक्त जातींची नावं वाचा : बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल-पारधी, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, वाघरी, छप्परबंद. यांतले वडार म्हणजे दगड फोडणारे, माती वाहणारे. रेल्वेचे भराव त्यांनी घातले. कैकाडी टोपल्या-कणग्या विणणारे. बंजाऱ्यांच्या तांड्यांनी शतकानुशतकं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहिलं, मोगलांपासून इंग्रजांपर्यंत सगळ्यांच्या फौजांना दाणागोटा पुरवला. रामोशी तर गावाचे आणि गडांचे राखणदार. पुरंदरची राखण हातची गेल्यावर उमाजी नाईक उठला आणि १८३२ साली पुण्यात फासावर गेला. पहारेकऱ्याची जात दोन-तीन पिढ्यांत चोराची जात होते, ती रक्तात बदल झाल्यामुळे नक्कीच नव्हे.

बदल बाहेर झाला होता. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला आणि घाटावर मीठ नेणाऱ्या बैलांची गरज संपत गेली. मिठावर सरकारचा कर आणि पहारा होताच. १८७८ च्या वन कायद्यानं लाकूड, बांबू, चराई, शिकार, सगळ्यांवर सरकारी शिक्का बसला. धंदा गेला आणि फिरणं राहिलं. शेतसाऱ्यावर चालणाऱ्या राज्याला फिरणाऱ्या माणसाचा उपयोग नव्हता. त्याचा सातबारा नाही, त्याच्याकडून वसूल काय करणार? एका गावात, एका घरात, एका शेतावर राहणारा कुळवाडी हा प्रजेचा नमुना ठरला. त्या नमुन्यात न बसणाऱ्याला नाव द्यायचं होतं, ते कायद्यानं दिलं. हे काम इंग्रजांनी एकट्यानं केलं असं म्हणायला मी तयार नाही. गावाच्या वेशीला आत आणि बाहेर असतंच. गावगाड्यात बलुतेदाराला निदान त्याची ठरलेली जागा होती. फिरस्त्याला तीही नव्हती.

सोलापुरात 'सेटलमेंट' हा पत्ता आजही कुणीही सांगेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. मुंबई इलाख्यात अशा वसाहतींवर देखरेखीसाठी स्वतंत्र अधिकारी होता, आणि सोलापूरच्या कारभारात काही काळ अमेरिकन मराठी मिशनचाही हात होता. कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा अनेक जमातींची कुटुंबं आत आणून ठेवली. जागा सोलापूरची निवडली याला कारण होतं. गावात कापडगिरण्या होत्या आणि गिरण्यांना माणसं हवी होती. सकाळी भोंग्यावर बाहेर, पाळी संपली की आत, मग हजेरी. ज्याची वागणूक अधिकाऱ्यांच्या मनास येई त्याला बढती म्हणून तारेबाहेरच्या 'फ्री कॉलनी'त जागा मिळे. बाहेर आला तरी नाव वहीत राहीच. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे शब्द आजही तिथल्या लोकांच्या आधारकार्डावर पत्ता म्हणून छापलेले असतात.

या वसाहती चालवणारे सगळे दुष्ट होते असं समजू नये. तिथे शाळा होत्या, दवाखाने होते, हातमाग आणि सुतारकाम शिकवायची सोय होती. आपण माणसं घडवतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणूनच त्यांच्या नोंदी बारकाईनं वाचायला हव्यात. सुधारलेला माणूस कसा, याचं उत्तर त्यांच्या वहीत आहे. एका जागी झोपणारा, भोंग्यावर उठणारा, महिन्याला पगार घेणारा, विचारल्याशिवाय वेस न ओलांडणारा. सोलापूरच्या गिरणीमालकाला जसा मजूर हवा होता, अगदी तसा. त्या वहीनं भले-वाईट वेगळे केले असं तिथल्या साहेबांना वाटलं. प्रत्यक्षात तिनं एका प्रकारचं जगणं भलं ठरवलं.

हजेरीचा हिशेबही बघण्यासारखा आहे. लेकीच्या बाळंतपणाला शेजारच्या तालुक्यात गेलेली बाई परवान्याशिवाय गेली, तर तो गुन्हा. तापानं फणफणलेला माणूस हजेरीच्या हाकेला उठला नाही, तर त्यालाही जाब द्यावा लागे. वर्षअखेर गुन्ह्यांची बेरीज होई. ही जमात गुन्हेगार आहे याला पुरावा काय, तर ही बेरीज. शेजारच्या गावातल्या पाटलाच्या मुलानं रात्री कुठे काढली हे कुणी लिहून ठेवत नव्हतं, त्यामुळे त्याच्या जातीची बेरीज शून्य. आकडे खोटे नसतातच, पण कुणाच्या दाराशी वही घेऊन उभं राहायचं हे आकड्यांच्या आधी ठरलेलं असतं. आजही 'पारध्यांच्या टोळीला अटक' असा मथळा आपण वाचतो. शेकडो कोटींचा घोटाळा करणाऱ्यांच्या जातीची टोळी कधी छापून आल्याचं आठवतंय का?

कायदा पोलिसांपुरता राहिला असता तर रद्द होताच संपलाही असता. तो वाचणाऱ्या लोकांच्या डोक्यात उतरला. मुंबई इलाख्यातले पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांनी १९०८ साली या इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. जात, पेहराव, बोली, चोरीची तऱ्हा, ओळखायची खूण, सगळं पद्धतशीर. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 'गुन्हेगार जाती' १९११ साली मराठीत आलं आणि १९१५ साली त्यांचा 'गावगाडा'. 'गावगाडा' मला मराठीतल्या श्रेष्ठ पुस्तकांपैकी एक वाटतं. आत्र्यांइतकं खेडं आतून ओळखणारा, कुणब्याच्या कनवटीला लागलेलं प्रत्येक भोक मोजणारा लेखक दुसरा दाखवता येणार नाही. पण त्यांचे फिरस्ते वाचा. कुणब्याच्या खळ्यावर येऊन मागणाऱ्यांची ती यादी आहे. मोजणारा खळ्यावर उभा आहे; पालातून खळं कसं दिसतं, हा प्रश्न पुस्तकाला पडत नाही. आत्रे दुष्ट असते तर काम सोपं होतं. ते चांगले होते, अभ्यासू होते, गरिबाच्या बाजूचे होते, आणि तरीही त्यांचा गरीब घर असलेला गरीब होता. आपल्या विचारी माणसांचं आजही बहुधा असंच होतं.

हे सगळं वंशवादात कसं बसतं, असा आक्षेप इथे येईल. रंग एक, भाषा बरीचशी एक. मग वंश कुठला? सरकारांचीही हीच भूमिका असते. २००१ साली दरबानच्या जागतिक परिषदेत भारतानं जात म्हणजे वंश नव्हे असाच पवित्रा घेतला. शास्त्र म्हणून ते खरंच आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली 'अस्पृश्य कोण होते' या विषयावर लिहिलं तेव्हा नाकाच्या मापांचे तक्ते समोर ठेवूनच जातींच्या मुळाशी वेगवेगळे वंश नाहीत हे दाखवलं होतं. पण वंश नसणं आणि वंशवाद नसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जन्मानं मिळालेला दोष, जो कृतीनं सिद्ध करावा लागत नाही आणि कृतीनं पुसताही येत नाही, एवढी सामग्री असली की वंशवादाचं काम चालतं. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं भारताला विमुक्तांविषयी सुनावलं, ते या अर्थानं.

जर्मनीतल्या सिंती आणि रोमा लोकांचं उदाहरण इथे ताडून बघण्यासारखं आहे. बव्हेरियाच्या पोलिसांनी १८९९ साली म्युनिकमध्ये 'जिप्सीं'ची माहिती गोळा करणारं कार्यालय उघडलं आणि १९०५ मध्ये नावं, नाती, खुणा असलेलं पुस्तकच काढलं. हिटलर तेव्हा शाळकरी पोर होता. नाझींनी सत्तेवर आल्यावर नवी यादी करायला सुरुवात केली, ती शून्यापासून नव्हे. जुन्या पोलिसी वह्या तयारच होत्या, रॉबर्ट रिटर नावाच्या डॉक्टरनं त्यांवर वंशावळी चढवल्या आणि लाखो माणसं मारली गेली. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो युद्धानंतरचा प्रसंग. जानेवारी १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं भरपाई मागणाऱ्यांना सांगितलं, की १९४३ च्या आधी या लोकांवर झालेली कारवाई वांशिक नव्हती. ती त्यांच्या गुन्हेगार आणि असामाजिक प्रवृत्तीविरुद्धची पोलिसी खबरदारी होती. १९६३ मध्ये न्यायालयानं ती भूमिका बदलली. १९५६ च्या त्या निकालाबद्दल न्यायालयाच्या अध्यक्षांनी जाहीर खेद व्यक्त करायला २०१६ उजाडलं. न्यायाधीश शिकलेले होते, लोकशाहीचे होते, नाझीवाद संपलेला होता. खबरदारी मात्र त्यांनाही नॉर्मल वाटत होती.

जाता जाता एक. याच जर्मनीत, बर्लिनला, १९२७ ते १९३० या काळात आपल्या इरावती कर्वे मानववंशशास्त्र शिकत होत्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताचे मोठे पुरस्कर्ते. कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशाशी जोडला जाईल अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहून दिलं. परक्या देशात, गुरूसमोर, पंचविशीच्या आतबाहेरच्या बाईनं. पुढे महाराष्ट्रात त्यांनीही जातीजातींची शरीरं मोजलीच, हेही खरं. हातातली फूटपट्टी कुणी दिली हे विसरणं भल्याभल्यांना जमत नाही.

स्वतंत्र भारतानं ३१ ऑगस्ट १९५२ पासून हा कायदा रद्द केला. तेव्हा त्याच्या कक्षेत सव्वाशेवर जमाती आणि कोटीहून अधिक माणसं होती असं सांगितलं जातं. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पंधरा ऑगस्टला झेंडा बघितला, पण सुटका पाच वर्षं सोळा दिवसांनी झाली, असं जुने लोक सांगतात. त्या सुटकेच्या पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्याकडचा मुंबईचा कायदा १९५९ चा. त्यांत जमातीचं नाव नाही. पण वह्या त्याच ठाण्यांत होत्या, आणि कुणाकडे बघायचं हे नव्या फौजदाराला जुना हवालदार सांगत होता.

तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये तर नावंही राहिली. एका राज्याच्या नियमावलीत रात्रीचा पहारा कुणाकडे देऊ नये, तर पळून जायची नैसर्गिक ओढ असलेल्या वर्गातल्या, उदाहरणार्थ भटक्या जमातीच्या, कैद्याकडे. नैसर्गिक! घटना लागू होऊन सत्तर वर्षं झाल्यावर. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगातल्या जातिभेदावर २०२० मध्ये लिहिलं आणि मग त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं असे नियम घटनाबाह्य ठरवले. तोवर किती अधीक्षकांनी ती पानं उलटली असतील, किती अधिकारी त्यांवर परीक्षा देऊन पास झाले असतील. कुणाच्याच डोळ्यांत ती ओळ खुपली नाही. नॉर्मल गोष्टीचं लक्षणच ते.

पण तुरुंग लांब राहिला, तहसील कचेरीत या. विमुक्त-भटक्यांच्या मुलाला जातीचा दाखला हवा असेल तर कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. नियम सगळ्यांना सारखा, कारकून नम्र, खिडकी वेळेवर उघडते. आजोबांचा शाळेचा दाखला आणा, जुना सातबारा आणा, घरपट्टीची पावती आणा. शाळेत न गेलेल्या, जमीन नसलेल्या, घर नसलेल्या आजोबांचा. ज्याच्या पणजाला एका जागी राहत नाही म्हणून वहीत घातलं, त्याच्याकडे आज एका जागी राहिल्याचा कागद मागितला जातो, तो कागद दाखवल्यावर त्याला भटका असल्याचा कागद मिळतो. यात कुणाचा द्वेष नाही. उलट हे सगळं त्यांच्या भल्यासाठी, आरक्षणासाठी चाललेलं असतं. फक्त पुरावा म्हणजे काय हे घर असलेल्या माणसानं ठरवलंय. गृहभेटीच्या चौकशीवर दाखला द्यायच्या सवलती शासनानं वेळोवेळी काढल्यात, पण त्यांचा लाभ घ्यायलाही 'गृह' लागतं असं समजणारे साहेब अजून भेटतात.

१ जुलै २०१८. रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले. बहुतेक मंगळवेढ्याकडचे, पालं पिंपळनेरला पडलेली. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे संदेश मोबाइलवर फिरत होते. ते एका लहान मुलीशी बोलताना कुणीतरी बघितलं. जमावानं त्यांना धरलं, मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथे ठार केलं. २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप झाली. राईनपाडा हा आदिवासी भाग आहे, हे मुद्दाम नोंदवतो. मारणारे कुणी बडे जमीनदार नव्हते, तेही पिढ्यान्‌पिढ्या संशय सोसलेले. तरी अनोळखी, फिरता, मागणारा माणूस मुलं पळवत असणार हे त्यांनाही कुणी शिकवावं लागलं नाही. अफवा मोबाइलवरून आली, पण ती खरी वाटायला लागते ती तयारी मोबाइलची नव्हती.

या प्रसंगाविषयी तेव्हा जे बोललं गेलं त्यात 'अडाणी जमाव' हे शब्द फार आले. शहरातल्या सोसायटीच्या फाटकावर फेरीवाल्याला, भंगारवाल्याला हटकणारा रखवालदार आपण पगार देऊन ठेवतो आणि कॅमेरा बसवतो. फरक मोठा आहे, कुणी मरत नाही. तो फरक कमी लेखायचं कारण नाही. पण पहिलं पाऊल एकच आहे.

मराठी वाचकाला ही दुनिया अनोळखी आहे असंही नाही. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला १९८१ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ साली. भीमराव गस्तींचं 'बेरड' आणि किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' घरोघरी वाचलं गेलं. अभ्यासक्रमांत लागली, परीक्षांना आली. आपण हेलावलो. हेलावण्यात खोटं काही नव्हतं, पण आपण ही पुस्तकं दुःखाची म्हणून वाचली. त्यांतला आपल्यावरचा भाग, म्हणजे घर असलेल्या लोकांचं पालातून दिसणारं चित्र, तो वाचताना पानं भराभर उलटली गेली असावीत असा मला संशय आहे.

या संग्रहातल्या काही लेखांमुळे विमुक्तांतलेही लोक नाराज होतील. बाहेर टाकलेला समाज स्वतःचं नॉर्मल घडवतो आणि ते कधी कधी आपल्याच माणसांवर, विशेषतः बायकांवर, फार कठोर असतं. कंजारभाटांतल्या तरुण मुलामुलींनी २०१८ साली नववधूच्या कौमार्य चाचणीविरुद्ध उघड मोहीम काढली तेव्हा जातपंचायतीनं त्यांना वाळीत टाकायला कमी केलं नाही. पंचायतीला पोलिसात जायचं नव्हतं याला इतिहास आहे. ज्यांच्या वहीत आपण जन्मतः चोर, त्यांच्याकडे न्याय कोण मागेल? पण इतिहास समजणं म्हणजे पंचांना माफी देणं नव्हे, हे त्या पोरांनी आमच्यापेक्षा स्पष्ट सांगितलं. त्यांचं म्हणणं वाहिन्यांनी मात्र 'बघा, हे लोक कसे असतात' अशा सुरात दाखवलं. हुंड्यासाठी जळलेल्या सुनेच्या बातमीत तो सूर लागत नाही.

लेखांचा क्रम लावताना कायद्यापासून सुरुवात करायचा मोह टाळला आहे. आधी पत्ता, शाळा, दाखला, बाजार या रोजच्या जागा येतात, कायदा मधे येतो. २०२७ च्या जनगणनेत जात नोंदवायचं केंद्र सरकारनं ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केलं, आणि भटक्या-विमुक्तांना स्वतंत्र नोंद मिळावी ही मागणी तेव्हापासून जोरात आहे. रकाना मिळेल न मिळेल, त्याआधीची अडचण साधी आहे. जनगणनेचा पहिला टप्पा घरयादीचा असतो, आणि बेघरांची मोजणी शेवटी, फेब्रुवारीअखेरच्या एका रात्रीत उरकायचा आजवरचा रिवाज आहे. पौष पौर्णिमेला जेजुरीच्या गाढवांच्या बाजारात वैदू, कैकाडी, बेलदार, वडार शेकड्यांनी भेटतात. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीच्या यात्रेत तर राज्यभरातली पालं पडतात. फेब्रुवारीची अखेर नेमकी या दोहोंच्या मधे येते, लोक रस्त्यावर पांगलेले असतात. म्हणून शेवटच्या लेखात तालुकावार, महिनावार, कुठल्या माळावर कुणाची पालं असतात याचा तक्ता दिला आहे. तो पालावरच्या लोकांनीच सांगून लिहून घेतलाय, आणि पोलिसांच्या हाती पडला तर काय, यावर त्यांच्यात बराच वाद होऊन मगच तो छापायला दिलाय.